रात्री निघू नका, सकाळी या

वाचकाचा प्रश्न

पत्र लिहिणारे ३२ वर्षांचे आहेत, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात राहतात आणि सात जणांच्या बँडमध्ये ढोलकी, संबळ, हलगी वाजवतात. कॉलेजातल्या मित्रांनी मिळून उभा केलेला हा बँड गोंधळ, भारूड, लावणी, अभंग गिटार आणि बेसच्या साथीने सादर करतो. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, गावोगावच्या यात्रा, कॉलेजांची गॅदरिंग्ज आणि मधूनच एखादा मोठा म्युझिक फेस्टिव्हल, असे वर्षाला चाळीसेक कार्यक्रम होतात. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मुलगी चार वर्षांची.

यंदा चैत्रात पंढरपूरच्या बाजूला एका यात्रेत कार्यक्रम होता. तो रात्री दहाला संपला, पण उरलेले पैसे द्यायला कमिटीचा खजिनदार सापडेना, म्हणून निघायला दीड वाजला. पहाटे चारच्या सुमारास गाडी चालवणाऱ्या गिटारवादकाचा डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून शेतात उतरली. कुणाला लागलं नाही. बँडमध्ये त्यावर नंतर कुणी बोललंही नाही. तेव्हापासून यांना गाडीत झोप लागत नाही. शिवाय काही महिन्यांपासून कानात शिट्टीसारखा आवाज येतो. हिशेबाचा विषय काढला तर बँडचा गायक, जो यांचा सर्वांत जुना मित्र, म्हणाला, "आपण कुटुंब आहोत. ज्याला हिशेब करायचाय त्याने नोकरी धरावी." आता ईशान्येकडच्या एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलंय, तेही ऐन नवरात्रात, आणि मानधन जेमतेम प्रवासखर्चाइतकं आहे.

ते लिहितात, "संबळ सुरू झाला की मागे बसलेली पोरं उठून पुढे येतात, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नसतं. पण गाडीत बसलो की सगळं सोडून द्यावंसं वाटतं. अपघातानंतर बायको एवढंच म्हणाली, 'रात्री निघू नका, सकाळी या.' तिला बँड नकोसा झालाय हे मी तेव्हाच ओळखलं. बँड सोडला तर मित्रांचा विश्वासघात, नाही सोडला तर घराचा. आणि कंटाळा येत असेल तर मी मुळात कलाकार आहे का?"

उत्तर

तुमच्या पत्नीचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत, हे फार बरं केलंत. कारण त्या वाक्यात बँड सोडण्याबद्दल अवाक्षर नाही. पुन्हा एकदा वाचा. त्यांनी निघायची वेळ सांगितली आहे. नवरा जिवंत घरी यावा आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाट बघायची आपली तयारी आहे, एवढंच त्या म्हणताहेत. तुम्ही त्याचा अर्थ "बँड नकोसा झालाय" असा लावलात आणि मग स्वतःला घर की मित्र अशा पेचात उभं केलंत. या पेचाचा अर्धा भाग तरी तुमच्या मनाने रचलेला आहे. बाकी काही करण्याआधी त्यांना नीट विचारा: "तुला बँडचं काय काय नको आहे?" उत्तर तुम्ही धरून चाललाय त्यापेक्षा बरंच लहान निघेल, असं मला वाटतं.

कलाकार असण्याबद्दलचा प्रश्नही तिथेच सुटतो. तुम्हाला कंटाळा कशाचा आलाय, ते तुमच्याच पत्रात आहे. कार्यक्रमाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी नऊला ढोलक्या, संबळ, स्टँड, केबलच्या पेट्या गाडीत भरायच्या. चार वाजता गावात पोचलात तर मंडप अजून बांधला जातोय, जनरेटर यायचाय, साउंडवाला फोन उचलत नाही. सहाचा साउंड चेक आठला होतो. दिवसभर उन्हात तापून चढलेली ढोलकीची पुडी संध्याकाळच्या गारव्यात उतरायला लागते, म्हणून तुम्ही स्टेजमागे पाना घेऊन बोल्ट आवळत बसता. मग दीड तास वाजवणं. मग पुन्हा केबली गुंडाळणं, पेट्या भरणं, पाकिटाची वाट बघणं आणि प्रवास. वीस तासांच्या दिवसात वाजवणं आलं दीड तासाचं, आणि तेवढ्या वेळेबद्दल तुमची काहीही तक्रार नाही. उरलेल्या साडेअठरा तासांना कंटाळलेला माणूस कलाकार नसतो, असं कोणी ठरवलं? ज्याच्या अंगावर पेट्या उचलायचं काम पडतं तो दमणारच, आणि बहुतेक बँडमध्ये ते तालवाद्य वाजवणाऱ्याच्या अंगावर पडतं, कारण सर्वांत जास्त सामान त्याचंच असतं.

आता त्या रात्रीकडे येते. सगळे म्हणत असतील की डोळा लागला म्हणून गाडी उतरली. मला विचाराल तर त्या प्रसंगाची सुरुवात दहा वाजता झाली, कार्यक्रम संपला तेव्हाच. पैसे हातात असते तर तुम्ही साडेअकराला निघून पहाटेच्या बरंच आधी घरी असता, किंवा तिथेच कुठेतरी पाठ टेकली असती. तीन तास खजिनदाराला शोधण्यात गेले, कारण पैसे कधी मिळतील हे आधी ठरलेलंच नव्हतं. आणि ते ठरलेलं नव्हतं कारण तुमच्या बँडमध्ये हिशेबाचं बोलणं म्हणजे नात्याला बट्टा, असा समज आहे. ज्या विषयाला तुमच्या मित्राने नोकरीची वाट दाखवली, तो विषय त्या पहाटे गाडीत तुमच्या सगळ्यांबरोबर होता. हे तुम्ही त्याला याच शब्दांत सांगावं, असं मला वाटतं.

म्हणून पहिला नियम झोपेचा करा आणि तो उद्यापासूनच पाळा. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराची झोपेची ओढ सर्वांत जोरात असते. चहा, मोठ्याने लावलेली गाणी, उघडी काच यांनी ती जात नाही, फार तर थोडी पुढे ढकलली जाते. ज्याने संध्याकाळी वाजवलंय त्याने रात्री स्टिअरिंग धरायचं नाही. चालक वेगळा घ्या, आणि तुम्ही साउंड चेक करत असताना तो झोपलेला असेल एवढी काळजी घ्या. व्यवसायाने वाहन चालवणाऱ्यासाठी मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा घातलेली होती, ती काही उगीच नव्हती. आणि बारा वाजून गेले की मुक्काम. तालुक्याच्या गावी चार साध्या खोल्या, मंगल कार्यालय, भक्तनिवास, काही ना काही मिळतं. त्याचा खर्च सुपारी ठरवतानाच दरात धरायचा. आयोजकाला "मुक्कामासह" असा आकडा सांगितला की तो घासाघीस करेल, पण ती दुपारी फोनवर होईल, रात्री रस्त्यावर किंमत मोजावी लागणार नाही. शिवाय सातही जणांनी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेऊन ठेवा. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं, बँकेतून एका अर्जावर होतं. ते पुरेसं नाही, मोठा अपघात विमा वेगळा घ्यावाच, पण निदान सुरुवात होईल.

तुमच्या मित्राचं वाक्य मला खटकलं. तरी त्याच्या जागी उभं राहून थोडं बघू या, कारण त्याच्याशी बोलायचंय ते तुम्हालाच. तुमच्या पत्रातून असं दिसतं की गाडी त्याच्या नावावर आहे आणि हप्ते तोच भरतो. आयोजकांचे फोन तोच घेतो. कंपन्या आणि कॉलेजं टीडीएस कापतात तो त्याच्या पॅनवर, कारण पैसे त्याच्याच खात्यात येतात. आता गणित करा. ७५ हजारांचा एक, असे वर्षाला ४० कार्यक्रम म्हणजे ३० लाख रुपये त्याच्या एकट्याच्या खात्यात दिसतात. प्रत्यक्षात त्याच्या पदरी त्यातले पाव भागही पडत नाहीत. पण कागदावर तो ३० लाखांची उलाढाल करणारा माणूस आहे, आणि सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. लोककला आणि शास्त्रीय कलांच्या सादरीकरणाला एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटीतून सूट आहे. गिटार-बेससह सादर होणारा तुमचा गोंधळ त्यात बसतो की नाही, हे एखाद्या सीएकडून एकदा तपासून घ्यायलाच हवं. हे सगळं तो एकटा उरावर घेऊन बसलाय आणि बहुधा त्यातलं बरंचसं त्यालाही पुरतं कळलेलं नाही. हिशेबाचं नाव काढलं की तो चिडतो, त्यामागे लोभापेक्षा भीती असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

तेव्हा त्याच्यापुढे "मला माझे पैसे कळू दे" असं म्हणून जाऊ नका. "तुझ्यावरचं ओझं वाटून घेऊ" असं म्हणून जा. हे डावपेच म्हणून सांगत नाही, खरंच तसं आहे म्हणून सांगते.

कागद कसा करायचा ते सांगते. आज तुम्ही काय करता? ७५ हजार आले, गाडी-डिझेलचे १५ हजार, साउंड इंजिनिअरचे ७ हजार, जेवणखाण ४ हजार, सुपारी आणून देणाऱ्याचे साडेसात हजार गेले, उरले साडेएकेचाळीस हजार. ते सात जणांत वाटले की डोक्याला सहा हजाराला थोडे कमी. बरोबरीचा वाटा दिसायला न्यायाचा आहे. पण त्यात गाडीचे हप्ते नाहीत, फोनवर घातलेले तास नाहीत, तुमच्या फाटलेल्या पुड्या नाहीत, गिटारच्या तारा नाहीत. पुढच्या महिन्यात अॅम्प्लिफायर जळाला तर काय, याचं उत्तर नाही. माझी सूचना अशी की सातऐवजी आठ वाटे करा. आठवा वाटा बँडचा, बँडच्या स्वतंत्र खात्यात. याच उदाहरणात तो पाच हजार एकशे सत्त्याऐंशी रुपये होतो, आणि प्रत्येकाच्या हाती साडेसातशेच्या आसपास कमी पडतात. त्या खात्यातून पुड्या, तारा, दुरुस्ती, विमा, मुक्कामाची तूट भरून काढायची. गाडीचं भाडं किलोमीटरमागे ठरवून मालकाला द्यायचं, मग तो मालक गायक असो की आणखी कोणी. फोनवर कार्यक्रम ठरवणाऱ्यालाही त्या कामाचे ठरलेले पैसे द्यायचे. तुमच्या मित्राला यात आजच्यापेक्षा जास्त मिळेल, हे लक्षात घ्या आणि त्यालाही दाखवा.

"आपण कुटुंब आहोत" हे त्याचं म्हणणं मी खोटं मानत नाही. पण कुटुंबातही वाटणीपत्र होतं, सातबाऱ्यावर सगळ्या भावांची नावं लागतात, आणि जिथे ती वेळेवर लागतात तिथले भाऊ दिवाळीला एकत्र जेवतात. काही लिहिलेलं नसलं म्हणजे काही ठरलेलंच नाही, असंही नाही. एकत्र धंदा करणाऱ्या मंडळींना भागीदार मानलं गेलं, तर १९३२ चा भागीदारी कायदा लागतो. वेगळा करार नसेल तर त्या कायद्याप्रमाणे नफा आणि तोटा दोन्ही सारखे वाटले जातात, आणि धंद्यासाठी जास्त राबणाऱ्याला त्याचा वेगळा मोबदला मिळत नाही. म्हणजे न लिहिण्याचा सर्वांत मोठा तोटा तुमच्या गायक मित्राचाच. दोन पानी भागीदारी करार, त्यात बँडचं नाव कोणाचं, चाली कोणाच्या, बाहेर पडणाऱ्याला काय मिळेल एवढं लिहिलेलं असलं तरी पुष्कळ झालं. पारंपरिक गीतांवर कोणाचा हक्क नसतो, पण तुम्ही स्वतः रचलेल्या चाली आणि शब्द कोणाचे, हे आजच, सगळ्यांना आठवतंय तोवर लिहून काढा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीवरचा हक्क बराच पक्का झालाय, पण कागदावर नाव नसलेल्या माणसाला तो कुठून मिळणार?

आपल्याकडे फिरतीवरच्या कलावंतांनी हे सगळं फार पूर्वीच भोगून झालंय. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांच्या भागीदारीत उभी राहिली. पुढे टेंबे आणि बोडस बाहेर पडले, मालकी एकट्या बालगंधर्वांकडे आली आणि कर्जाचा डोंगरही त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आला. इतक्या मोठ्या गळ्याच्या माणसाला जे एकट्याने पेललं नाही, ते तुमच्या मित्राने पेलावं अशी अपेक्षा का ठेवायची? आणि तमाशाच्या फडांकडे बघा. दसऱ्याला फड बाहेर पडतो, गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावची यात्रा कमिटीची माणसं तिथे येऊन सुपारी ठरवतात, इसार देतात, आणि यात्रा सरल्या की पावसाळ्यात फड बंद होतो. कलाकारांचे हाल तिथेही आहेत, उचल घेऊन वर्षभर बांधलं जाण्याचा जाच आहे, त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण वर्षाला सुरुवात आणि शेवट असावा, तारीख आणि इसार आधी ठरावा, हे त्या मंडळींना कळलेलं आहे. तुमच्या वर्षाला मात्र शेवटच नाही. लग्नसराई आणि यात्रा संपल्या की जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तशीही मागणी कमी असते. ते सहाएक आठवडे बँड बंद ठेवा. नव्या चाली बसवायच्या तर त्याच काळात, आपापल्या घरी जेवून.

आयोजकाशी करायच्या कागदात मात्र एक अक्षरही सैल ठेवू नका. निम्मे पैसे तारीख देताना, उरलेले कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपर्यंत खात्यात. स्टेजवर चढण्याआधी पैसे आले नाहीत तर काय, हेही त्यात असू द्या. यात्रेत वाजवणाऱ्या सगळ्यांना माहीत असलेली आणखी एक अडचण म्हणजे सत्कार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. सण-उत्सवांसाठी बारापर्यंत सवलत देता येते, पण तीही वर्षातून फार तर १५ दिवस. साडेआठचा कार्यक्रम, मान्यवर सव्वानऊला येतात, शाल-श्रीफळं आणि भाषणं झाल्यावर तुमच्या वाट्याला वीस मिनिटं उरतात, दहाला पोलीस येऊन बंद करायला सांगतात आणि मग कमिटी म्हणते, "तुम्ही वाजवलंच किती?" तेव्हा कागदात असं लिहा की मानधन ठरलेल्या वेळी तयार होऊन हजर राहण्याचं आहे, आणि सुरुवातीला उशीर झाला तरी ते कमी होणार नाही. सुरुवातीला दोन-चार कार्यक्रम हातचे जातील. जी कमिटी यावर सही करत नाही, तिचा खजिनदार त्या रात्रीही सापडला नसता.

महोत्सवाबद्दल माझं मत असं की जा, पण या वर्षी आंधळेपणाने जाऊ नका. मोठ्या महोत्सवात वाजवणं हे वेगळंच काम आहे. तिथे तुम्हाला चाळीस मिनिटं मिळतात, आधीच्या आणि तुमच्या बँडमध्ये पंधरा-वीस मिनिटांचं अंतर असतं आणि तेवढ्यात मांडणी आटोपावी लागते. कोणतं वाद्य कुठे, किती माइक, कोणाला मॉनिटरमधून, म्हणजे वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, काय ऐकू यायला हवं, हे सगळं आधी कागदावर पाठवायचं असतं. फर्माईश नाही, सत्कार नाही, दहा मिनिटं उशीर झाला तर दहा मिनिटं कापली जातात. यात्रेत दीड-दीड तास रंगवणाऱ्या बँडला ही शिस्त फार शिकवते, आणि लांबच्या, भाषा न कळणाऱ्या श्रोत्यांसमोर संबळ कसा पोचतो हे बघण्याची संधी रोज येत नाही. तुमच्या बोलण्यातून जी ओढ जाणवते ती याचीच आहे.

प्रश्न खर्चाचा आहे. नवरात्रातल्या सुपाऱ्या सोडल्या तर किती जातात, तो आकडा आधी लिहा. मग आयोजकांना विचारा: ड्रम सेट आणि अॅम्प्लिफायर तुम्ही देणार का, म्हणजे आम्हाला विमानात जादा वजन भरावं लागणार नाही? राहणं-जेवणं किती दिवसांचं? ध्वनिचित्रमुद्रण झालं तर ते कोणाच्या मालकीचं, आणि आम्हाला त्याची प्रत मिळेल का? जाता-येता गुवाहाटी किंवा कोलकात्यात आणखी एखादा कार्यक्रम जोडता येईल का? यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं होकारार्थी आली तर मी तोटा सोसूनही जाईन. तो तोटा बँडच्या आठव्या वाट्यातून जावा, तुमच्या घरच्या किराण्यातून जाऊ नये. तेवढी शिल्लक यंदा जमणार नसेल तर पुढच्या वर्षीचं बोलावणं मागा. नम्रपणे कारण सांगून आलेला नकार आयोजक सहसा मनात धरून ठेवत नाहीत, ऐनवेळी रद्द करणारे मात्र त्यांच्या चांगले लक्षात राहतात.

घराबद्दल एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे आणि मला तिच्यावर थांबायचंय. तुम्ही लिहिता, "बायकोची नोकरी आहे म्हणून चाललंय." म्हणजे इतकी वर्षं तुमच्या बँडचा सर्वांत मोठा आधार त्यांचा पगार आहे. त्या रात्री मुलीला एकट्या सांभाळतात, सकाळी सातला तिला तयार करून स्वतः शाळेत जातात, तेव्हा तुम्ही झोपलेले असता. बँडचे निर्णय होतात त्या खोलीत मात्र त्या कधी नसतात. त्यांना बँडच्या बैठकीला बसवा असं मी म्हणत नाही. पण तारखा त्यांच्यासमोर ठरवा. घरात कॅलेंडर टांगलेलं असतंच. मुलीचा वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन, एक लक्ष्मीपूजन, पत्नीच्या माहेरचा एखादा सण, अशा काही तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच लाल करा आणि त्या बँडला कळवा. त्या दिवशी कितीही मोठी सुपारी आली तरी तुमच्या जागी दुसरा वादक जाईल.

दुसरा वादक म्हटल्यावर तुम्हाला टोचलं असेल. नाटकवाल्यांकडे बदली कलाकार ही नेहमीची गोष्ट आहे, प्रयोग थांबत नाही आणि कोणी कोणाचा गद्दार ठरत नाही. तुमच्या भागात ढोलकी-संबळ वाजवणारी तरुण मुलं नक्की असतील. त्यातल्या एकाला हाताशी घ्या, तालमींना बोलवा, सगळ्या गाण्यांचे ठेके आणि थांबे मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या, आणि तो ज्या दिवशी वाजवेल त्या दिवशी त्याला पूर्ण नाईट, म्हणजे त्या कार्यक्रमाचे तुमच्या वाट्याचे पैसे, मिळेल असं बघा. तो तुमच्यासारखा वाजवणार नाही. चालेल. सातही जणांना असा एकेक जोडीदार मिळाला तर आजारी गायकाला ताप अंगावर काढून गावं लागणार नाही.

आणि मित्राने हे काहीच ऐकलं नाही तर? तर मी म्हणेन, झोपेच्या नियमावर अडून बसा आणि बाकी गोष्टींना वेळ द्या. करार व्हायला सहा महिने लागले तरी चालेल. पण "रात्रीच निघायचं आणि आपल्यातल्याच कोणीतरी गाडी चालवायची" यावर बँड ठाम असेल, तर तुम्ही स्वतःच्या खर्चाने मुक्काम करून सकाळच्या एसटीने या. दोन-तीनदा असं केलंत की कोणीतरी तुमच्याबरोबर थांबायला लागेल. तेही झालं नाही आणि हिशेबाचं बोलणंही टोमण्यांवरच संपत राहिलं, तर बाहेर पडायला हरकत नाही. ज्या तारखांचा इसार घेतलाय त्या सगळ्या वाजवा, बदली वादक तयार करून द्या, तुमच्या चालींची नावं लिहून घ्या आणि दिवाळीनंतर मोकळे व्हा. एवढं करून निघालेल्या माणसाला कोणी विश्वासघातकी म्हणणार नाही. म्हटलंच, तरी ते खरं नसेल.

कानाचं मात्र यातल्या कशासाठीही थांबवू नका. पत्रात तुम्ही त्याला एकच ओळ दिलीत, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत ऐकणं ही कामाच्या जागेची मानली गेलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटं उरते. मॉनिटर आणि झांजांच्या मध्ये बसणारा वादक ती मर्यादा पहिल्या दोन-तीन गाण्यांतच ओलांडतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, उरलेली जपता येते. संगीतकारांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, त्यांनी सगळे सूर सारखेच हलके होतात, कापसाच्या बोळ्यासारखा गढूळ आवाज येत नाही. सुरुवातीला आठ-दहा तालमींत घालून सवय करा, मग स्टेजवर. मॉनिटर थोडा लांब आणि थोडा तिरका ठेवायला सांगा. आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, करून घ्या. कार्यक्रमानंतर दोन दिवस शांत गेल्यावर, सकाळच्या वेळी जा, म्हणजे आदल्या रात्रीच्या आवाजाने तात्पुरतं बधिरलेलं किती आणि कायमचं गेलेलं किती, हे डॉक्टरांना वेगळं कळेल. गिटारवादकालाही बरोबर न्या. त्या पहाटेबद्दल त्याच्याशीही अजून कोणी बोललेलं नसेल.